ते दगड उगाच टाकलेले नव्हते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत अमेरिकेतल्या ॲरिझोनातील प्राचीन होहोकाम लोकांवरचा लेख वाचला. घायपाताच्या शेतीवरील लेखाला आपण चक्क कोरफडीचा फोटो लावला आहे. पुरवणी विभागात बांधावर चाललेले कोणीच उरले नाही काय?

तेही चालवून घेतले असते. पण तिथल्या टुसॉन शहराच्या उत्तरेला मरानाजवळ जे दगडांचे ढीग आहेत, त्यांना लेखकमहाशयांनी 'शेत साफ करताना बाजूला टाकलेले दगड' ठरवले आहे. सुमारे ४२ हजार ढीग, तेही पाचशे हेक्टरच्या आसपास! पुरातत्त्वज्ञ सुझॅन फिश आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्येच दाखवून दिले की ही बाराव्या-तेराव्या शतकातील घायपाताची लागवड आहे. दगडांमुळे ओल टिकते, पाणी मुरते, उंदरांना बुंधा कुरतडता येत नाही. जवळच घायपाताचे गड्डे भाजायचे मोठे खड्डे सापडले, त्यांत त्याचे जळके तुकडे निघाले, पाने छाटायच्या चपट्या दगडी सुऱ्याही मिळाल्या. आणखी काय पुरावा हवा, सातबारा?

मी चिडलो त्याला कारण आहे. जत तालुक्यातील आमच्या माळावर वडिलांनी दगड मुद्दाम राहू दिले होते. एक साहेब जीपमधून आले, "शेत आहे की खडीची खाण?" म्हणाले आणि दगड वेचल्याशिवाय कर्जाचा कागद हलणार नाही, असे बजावून गेले. दगड वेचले. पुढच्या उन्हाळ्यात बोरीची कलमे वाळली. साहेबांना बढती मिळाली.

गड्डे भाजून खाण्याला लेखात जेमतेम एक ओळ आहे. घायपाताला बऱ्याच वर्षांनी, एकदाच फुलोरा येतो आणि रोप मरते. तो दांडा वर येण्याच्या बेतात असतानाच गड्डा काढायचा, पाने छाटायची, तापल्या दगडांच्या खड्ड्यात घालून वर माती लोटायची आणि दिवस-दोन दिवस वाट पाहायची, तेव्हा कुठे तो गोड होतो. इतकी वर्षे पीक राखणाऱ्यांना लेखक 'भटके' म्हणतात! वनस्पतिशास्त्रज्ञ वेंडी हॉजसन यांना त्या जुन्या लागवडीतल्या वाणांची रोपे ॲरिझोनात आजही जिवंत सापडली आहेत, त्याचाही उल्लेख नाही. जागा नसेल. दागिन्यांची अर्धे पान जाहिरात मात्र ऐसपैस बसली आहे.

दुरुस्ती छापावी, ही विनंती. आणि शब्दकोड्याची उत्तरे पुढच्या रविवारी देतो म्हणता, ती दिवाळीपासून आलेली नाहीत.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सांगली