टेपवाल्या काकांना, बंदीच्या पावसाळ्यातून

काका,

नमस्कार. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. मालवणच्या बाजारात जुन्या टीव्हींच्या उघड्या सांगाड्यांमागे कोण बसतं, ते ज्यांना माहीत आहे त्यांना आहेच.

३१ मेच्या संध्याकाळी मी तुमच्याकडे मामाचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओवाला कॅसेट टेप, घेऊन आलो होतो. मी बर्फाच्या कारखान्यात हिशोब लिहितो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे बर्फ बंद आणि मीही बंद. होड्या झापांखाली गेल्या की ६१ दिवस करायचं काय? म्हणून मनाशी निश्चय केला होता, रोज एक अल्बम ऐकायचा. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, मध्ये न उठता. बायको म्हणाली, त्यापेक्षा पडवीची कौलं बघा.

मोबाईलवर ते जमत नव्हतं. सराव म्हणून आदल्या आठवड्यात किशोरीताई आमोणकरांचा भूप राग लावला होता. 'प्रथम सुर साधे' विलंबितात नीट सुरूही झालं नाही, तोच माझा अंगठा पुढे सरकून 'सहेला रे'वर. इतकी वर्षं मी तो भूप असाच ऐकत आलो होतो, मागच्या दाराने.

तुम्ही टेपचं मागचं झाकण उघडलंत तर आत बेल्ट नव्हताच. विरघळून त्याची काळी राळ पुलीला चिकटली होती. मला वाटलं, संपलं. तुम्ही काडीला कापूस गुंडाळलात, स्पिरिटमध्ये बुडवलात आणि पुली पुसत बसलात. पंधरा मिनिटं, एक शब्द नाही. मग फीत वाचणारं हेड, मग तो छोटा रबरी रोलर. मामा दर गणपतीला गिरगावातून येताना कॅसेटी आणायचा आणि इथेच ठेवून जायचा. त्यांतल्या निम्म्यांना पांढरी बुरशी होती. आपल्या खाऱ्या हवेत टिकतं काय म्हणा! त्याही तुम्ही एकेक करून निवडल्यात. शेवटी एक कॅसेट चालू ठेवून हेडशेजारचा एवढासा स्क्रू पाव वळसा फिरवलात. तोवर बासरी ओल्या गोधडीखाली वाजत होती, ती एकदम बाहेर आली. तुम्ही नुसतं 'हां' म्हणालात.

बेल्टाचे साठ रुपये घेतलेत, मजुरी नाही. टेप हातात देताना म्हणालात, "पुरी बाजू आयक. फॉरवर्ड दाबलंस तर बेल्ट ढिलो होतलो, मग माका सांगूक येव नको."

हे कितपत खरं, मला अजून शंका आहे. पण मी घाबरलो, आणि तेच कामाला आलं.

पहिल्या आठवड्यात छळ झाला, खोटं कशाला बोलू. सी-६० कॅसेटची एक बाजू अर्धा तास. अर्ध्या तासात मला तीनदा तहान लागायची. त्यात काही कॅसेटी ऐकण्यासारख्या नव्हत्याच. सिनेमाच्या गाण्यांच्या बऱ्याच कॅसेटींत दोन गाणी खरी आणि बाकी भरताड, हे बाजू पुरी केल्यावरच कळलं. तरी उठलो नाही.

मग 'कॉल ऑफ द व्हॅली' लावली. १९६७ची. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस त्यात सांगितला आहे, हे मला ऐकून माहीत होतं. पण मोबाईल ती मला उलटसुलट करून ऐकवायचा. रात्रीची पहाडी आधी, पहाटेचा अहिरभैरव राग नंतर. मेंढ्या घरी येऊन मग चरायला निघाल्यासारखं! टेपवर पहाट पहाटेच झाली. पिलू संपला, खट् करून बटण उडालं, मी उठून कॅसेट उलटली. दुसऱ्या बाजूला भूप, देस. देस चालू असताना लाईट गेली. तुम्ही बजावल्याप्रमाणे चार मोठे सेल तयार ठेवले होते. पहाडी अंधारात ऐकली, पडवीत, पागोळ्यांच्या आवाजात. बायको कधी येऊन उंबऱ्यावर बसली, कळलं नाही. कौलांचा विषय तिने काढला नाही.

नंतर किशोरीताईंचा तोच भूप परत लावला, या वेळी पुढच्या दाराने. 'सहेला रे' आलं तेव्हा ते निराळंच गाणं होतं.

मला राहून राहून नवल वाटतं ते एकाच गोष्टीचं. आपण रात्रभर दशावतार बघणारी माणसं. डबलबारीला, भजनाच्या सामन्याला, दोन्ही बुवा थकतात, आपण उठत नाही. आणि त्याच मला चाळीस मिनिटांचा अल्बम बसून ऐकवेना!

जुलैत टेपने एक कॅसेट खाल्ली, तेव्हा मी भिजत तुमच्याकडे धावलो होतो. तुम्ही ओरडला नाहीत. चुरगळलेली फीत बोटांनी सरळ केलीत, पेन्सिल घालून गुंडाळलीत आणि म्हणालात, इथे थोडा आवाज बुडेल, सवय होईल. बुडतो. झाली सवय.

६१ काही झाले नाहीत. ४७ झाले. मध्ये ताप आला, दोन दिवस पडवीत पाणी आलं (कौलं!), आणि काही दिवस नुसताच आळस. आज १ ऑगस्ट. सकाळपासून धक्क्यावर गडबड आहे, उद्यापासून माझा बर्फ सुरू. चौदा अल्बम उरलेत, ते रात्री जेवणानंतर करीन म्हणतो.

आणि काका, प्लेचं बटण हल्ली दोनदा दाबावं लागतं. फॉरवर्ड दाबलेलं नाही, शपथ. गणपतीआधी टेप घेऊन येतो. या वेळी मजुरी घ्यायची, आणि चहा माझ्याकडून.

तुमचा,
बर्फवाला