आमराईजवळचं घर

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवरच सांगणार होते, पण फोनवर बाबा "बघू" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. म्हणून पत्र. आमराईजवळ तुमच्यासाठी घर भाड्याने घेतलंय. काल डिपॉझिटही दिलं. दुसरा मजला आहे, पण लिफ्ट आहे. बाबा, चिडू नका, आधी पूर्ण वाचा.

मागच्या महिन्यात पुण्याहून सांगलीला आले तेव्हा पार थकून गेले होते. ऑफिसला जायला दीड तास, यायला दीड तास, झोपेतसुद्धा हॉर्न ऐकू यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हीच म्हणालात, "चल, आमराईत जाऊन येऊ." फाटकातून आत शिरलो आणि थोडं चाललो तोच रस्त्याचा गोंगाट मागे पडला. आंब्यांखालचा तो गारवा, पायाखाली वाळकी पानं. आईने खाली पडलेली कैरी उचलून पदराला पुसली. कितीतरी दिवसांनी मी नुसती बसले.

आणि बाबा, मी तुमच्याकडेच बघत होते. घरचा जिना चढताना चौथ्या पायरीवर कठडा धरून थांबता आणि "चप्पल नीट करतोय" म्हणता. तिथे मात्र डाव्या खिशातला एकेक चिंचोका उजव्या खिशात टाकत चार फेऱ्या झाल्या, मध्ये एकदाही न टेकता. मी लहान असताना सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचात, तेव्हा चिंचोके माझ्या फ्रॉकच्या खिशात असायचे. मी मोजण्यात चुकले की माझा आकडा खरा धरून आणखी एक फेरी मारायचात.

पुण्याला या, पुण्याला या म्हणत होते ते माझ्या सोयीसाठी, हे त्या बाकावर कळलं. तिथे आठव्या मजल्यावर तुम्हाला ठेवून मी दिवसभर बाहेरच राहिले असते.

गावभागातलं घर विकायचं नाही, कुणाला द्यायचंही नाही. झोपाळा, आजोबांचा फोटो, सगळं जागच्या जागी राहील. मन लागलं नाही तर दिवाळीनंतर परत जा, मी एक शब्द बोलणार नाही. पण आई, 2019 पासून जुलै लागला की तू रात्री उठून आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती ते विचारतेस. धोक्याची खूण 45 फुटांवर, आणि त्या ऑगस्टात पाणी 57 च्याही वर गेलं. तू देव पातेल्यात घेऊन माळ्यावर बसली होतीस, रस्ते बंद होते आणि मी नुसती फोन लावत होते. ते अजून मनातून जात नाही गं.

नव्या घरात देवघर पूर्वेलाच मांडू. बाल्कनीत तुळशीला ऊन येतं, मी सकाळी थांबून बघितलंय. गणपतीच्या देवळात न्यायला आपले ओळखीचे रिक्षावाले येतील, संकष्टी चुकणार नाही. बाबांची वेताची खुर्ची खिडकीशी.

आता ऐका. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, विसरलो म्हणायचं नाही. फिरायला उन्हं चढायच्या आत, आणि दोघांनी मिळूनच. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही. मी शनिवारी येतेय. तोवर एकही डबा हलवायचा नाही. लोणच्याची मोठी बरणी मी स्वतः मांडीवर घेऊन नेईन.

तुमची,
मनू