टाकीवरचा कोंबडा मिळाला, मनापासून आभार

माझ्या बीएसए बॅन्टम डी१ या जुन्या ब्रिटिश मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाकीवर पुन्हा कोंबडा, म्हणजे बॅन्टमचं चिन्ह, आला आहे. तो ज्यांच्यामुळे आला, त्यांचे आभार चारचौघांत मानायलाच हवेत.

१९४८ साली बाजारात आलेली ही १२३ सीसीची गाडी. फिकट हिरवा रंग, टाकीच्या दोन्ही अंगांना हस्तिदंती पट्टे. रंग जुळवून मिळतो. स्टिकरही मिळतात, पण बरेचसे पुढच्या मॉडेलचे, नाहीतर जाड प्लास्टिकचे, आणि जाणत्याच्या नजरेला ते लगेच खुपतात.

इथे बर्मिंगहॅममध्ये एका वयस्कर गृहस्थांनी आपल्या कधीच न रंगवलेल्या टाकीला मोजपट्टी लावून फोटो काढू दिले, कोंबड्यापासून पट्ट्याच्या कडेपर्यंतचं अंतर स्वतः मोजून दिलं. त्यांचे उपकार मोठे आहेत. ज्या बाईंनी जुनी माहितीपत्रकं चाळून वर्षाची खात्री करून दिली, त्यांचेही. आणि ज्यांनी जपून ठेवलेला व्हार्निशचा ट्रान्सफर, म्हणजे कागदावरून टाकीवर उतरवायचं कोंबड्याचं चित्र, पैसे न घेता दिला, वर शेजारी उभं राहून लावायला शिकवलं, त्यांना काय म्हणू! चित्रावर व्हार्निशचा पातळ हात द्यायचा, बोटाला जरासं चिकट लागेपर्यंत थांबायचं, मग टाकीवर बसवून मधून कडेकडे दाबत हवा काढायची. शेवटी कागद ओला करून अलगद सोडवायचा. घाई केली तर बारीक रेघा कागदाबरोबरच निघून येतात.

नावं लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. सगळी मापं ट्रेसिंग पेपरवर उतरवून ठेवली आहेत. कुणी डी१ उभी करत असेल तर हक्कानं मागा.