पाडण्याआधी एकदा मोजून तरी घ्या : सोलापूरच्या गिरण्यांसाठी खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात मी वडिलांना घेऊन सोलापुरातल्या एका बंद गिरणीत गेले होते. कोणत्या, ते लिहीत नाही. म्हाताऱ्या कामगाराकडे बघून ज्या वॉचमनने गेट उघडले, त्याच्या नोकरीवर गदा यायला नको. वडील ७४ वर्षांचे आहेत. विणाई खात्यात त्यांची २६ वर्षे गेली.

आत गुडघाभर गवत होते. बॉयलरच्या खोलीत बॉयलर नव्हता, त्याची विटांची बैठक तेवढी उरली होती. चिमणीच्या बुंध्याशी पिंपळ उगवला आहे आणि त्याची मुळे विटांच्या सांध्यांत शिरली आहेत. यंत्रे केव्हाच भंगारात गेली. पण विणाई खात्याची इमारत अजून उभी आहे. करवतीच्या दात्यांसारखे छप्पर, प्रत्येक दात्याची काच उत्तरेकडे. दिवसभर उजेड यावा पण ऊन थेट मागावर पडू नये, म्हणून बांधणाऱ्यांनी केलेली ही सोय. निम्म्या काचा फुटल्या आहेत, तरी दुपारी दोन वाजता आत तो सारखा, मऊ उजेड होताच.

वडील तिथे पोहोचले आणि एकदम मोठ्याने बोलायला लागले. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते आणि ते ओरडून सांगत होते, "हितं होतो मी! हे दोन माग माझे!" शेकडो माग एका वेळी धडधडत असताना बोलण्याची सवय त्या जागेत पाय ठेवताच परत आली. मग त्यांच्याच ते लक्षात आले आणि ते गप्प झाले. जमिनीवर बोल्टांची भोके होती, ओळीने. दोन ओळींच्या मधली शहाबादी फरशी एका जागी तळहाताएवढी खोलगट झिजली होती. कामगार तिथे उभा राहायचा. पाळ्या तीन, त्यामुळे ती झीज एकट्या वडिलांची नाही. त्यांनी चप्पल काढून पाय त्या खळग्यात ठेवला. सोलापूरच्या कोरड्या हवेत सूत तटातट तुटते, म्हणून खात्यात हवा दमट ठेवत. बाहेर उन्हाळा आणि आत घामाने अंगाला चिकटलेले कपडे, हे त्यांनी मला तिथे उभे राहून सांगितले. घरी इतकी वर्षे कधी सांगितले नव्हते.

मंत्रिमहोदय, या शहराला गिरण्यांनी घडवले. १८६० मध्ये रेल्वे आली आणि १८७७ मध्ये मुरारजी गोकुळदासांची पहिली गिरणी सुरू झाली. तीच आमची जुनी गिरणी. ती सुरू झाली त्या वर्षी मुलखात भीषण दुष्काळ होता. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या झाल्या. तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी माणसे एकाच पाळीत कामाला लागली. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेची बातमी येताच हेच कामगार रस्त्यावर उतरले. त्या महिन्यात शहरावर मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा येरवड्यात फासावर गेले. हुतात्म्यांचे पुतळे आम्ही चौकात उभारले, ते योग्यच झाले. पण ज्या गेटांतून ती गर्दी बाहेर पडली त्यांची नोंद ठेवायचे आमच्या मनात आले नाही.

आणखी एक गोष्ट. देशभरातले कायद्याचे विद्यार्थी आजही सोलापूरच्या गिरणीचा खटला अभ्यासतात. १९४९ मध्ये जुनी गिरणी बंद पडली, जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्यघटना लागू झाल्यानंतर मालमत्तेच्या आणि समानतेच्या हक्कांवर जे पहिले मोठे निकाल झाले, त्यांत हा आहे. ज्या आवाराने देशाला हा निकाल दिला, त्याच्या रस्त्यावर त्याविषयी एक ओळ तरी लिहिलेली असायला हवी.

मला सर्वांत जास्त लागले ते टाइम ऑफिसमध्ये. तिथे कोपऱ्यात मस्टरांचा, म्हणजे कामगारांच्या हजेरीपटांचा, ढीग पडला होता, पावसाने फुगलेला, वर कबुतरांची घाण. एक मस्टर मी उघडले. जिथे सही नाही तिथे अंगठा, जांभळ्या शाईचा. एका अंगठ्यावर आडवा वण होता आणि तो प्रत्येक महिन्याच्या ठशात तसाच उमटला होता. उचलून न्यावेसे वाटले. नेले नाही, ते माझे नव्हते. पण मंत्रिमहोदय, माझ्या वडिलांच्या पेन्शनच्या वेळी एका कार्यालयाने आम्हाला तीन वर्षे हेच सांगितले होते की गिरणीचे रेकॉर्ड शिल्लक नाही. वडील दर महिन्याला जायचे आणि हात हलवत परत यायचे. त्या ढिगासमोर ते काही बोलले नाहीत. मीच रडले.

शहराला घरे हवीत, रस्ते हवेत, हे मी समजू शकते. सगळ्या गिरण्या जशाच्या तशा राखा, असे मी म्हणत नाही. कापसाच्या तुसाने छाती पोखरून गेलेली माणसे मी आमच्या चाळीत पाहिली आहेत, त्यामुळे त्या दिवसांचे गोडवेही मला गायचे नाहीत. माझे मागणे एवढेच की, मोजणी झाल्याशिवाय एकही भिंत पडू नये. प्रत्येक खात्याचा मोजमापासह नकाशा आणि छायाचित्रे झाल्याशिवाय पाडकामाची परवानगी मिळू नये. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी विकास आराखड्यात तरतूद करण्याची मुभा १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात आहेच. पुरातत्त्व आणि पुराभिलेख ही दोन्ही संचालनालये आपल्याच खात्याखाली येतात, म्हणूनच हे पत्र मी नगरविकास खात्याला न लिहिता आपल्याला लिहिते आहे. इमारत एकाने मोजावी, कागद दुसऱ्याने ताब्यात घ्यावेत. मस्टरे तर या पावसाळ्याच्या आत हलवावी लागतील, नाहीतर त्यांचा लगदा होईल.

आणि निदान एक विणाई खाते, त्याच्या छपरासकट आणि चिमणीसकट, उभे ठेवा. मुंबईत काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालय हाती घेतले गेले. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळवून देणाऱ्या शहराचा अशा संग्रहालयावर तितकाच हक्क आहे. आज पडक्या भिंतीतून पोरे आत शिरतात, चिमणीवर चढून फोटो काढतात. कुणी पडून मेले की आवाराला पत्रे ठोकले जातील. त्यापेक्षा धोक्याचा भाग बंद करून उरलेला भाग महिन्यातून एक रविवार, माहीतगार माणसासोबत, लोकांना दाखवता येईल.

माहीतगार माणसे अजून आहेत. शेवटच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा तरुण असलेला कामगारही आज उतारवयाकडे झुकला आहे, आणि बहुतेक जण त्याहून कितीतरी मोठे. सुताला लावायची खळ कशी शिजवायचे, तुटलेले सूत चालत्या मागावर कसे पकडायचे, गोंगाटात हाताच्या खुणांनी जॉबरला, म्हणजे मुकादमाला, कसे बोलवायचे, हे त्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नाही. माझ्या वडिलांनी त्या दिवशी मला यातल्या सहा खुणा करून दाखवल्या. सातवी आठवेना.

आपले अधिकारी मोजणीला येणार असतील तर तारीख कळवावी. सकाळची वेळ ठेवावी, दुपारी वडिलांना उन्हाचा त्रास होतो. टेपचे एक टोक धरायला ते येतो म्हणाले आहेत.

आपली,
एका गिरणी कामगाराची मुलगी,
सोलापूर