डावीकडे वळणाऱ्यांचं वकीलपत्र

शार्लट, नॉर्थ कॅरोलिना
१८ जानेवारी २०२६

प्रिय दिग्या,
सप्रेम नमस्कार.

नॅसकारवरचा, म्हणजे इथल्या मोटारींच्या शर्यतींवरचा, परवाचा तुझा मेसेज मी जपून ठेवलाय. "चाळीस गाड्या, चार तास, नुसतं डावीकडं वळायचं. त्यापेक्षा चरकाचा बैल बघावा, रस तरी मिळतो." घरात मोठ्यानं वाचून दाखवला, तर बायको आणि पोरगं दोघंही तुझ्याच पार्टीत. आता दोन ओळींत उत्तर देऊन भागायचं नाही. तू फॉर्म्युला वनवाला, पावसात टायर बदलायचे की नाही यावर रात्रभर भांडणारा. तुला नॅसकार अडाण्यांचा खेळ वाटणारच. इथं येईपर्यंत मलाही तसंच वाटायचं.

पहिली शर्यत मी ब्रिस्टलला बघितली. ऑफिसातल्या एका साठीच्या सहकाऱ्यानं ओढून नेलं. टेनेसीच्या डोंगरात ते स्टेडियम आहे. कोल्हापूरचं कुस्तीचं खासबाग मैदान डोळ्यासमोर आण: कुठंही बस, हौदा दिसतोच. तसंच हे, फक्त हौद्याच्या जागी अर्ध्या मैलाचा काँक्रीटचा ट्रॅक, आणि वळणावर तो इतका कललेला की पायी चढताना धाप लागावी. एक फेरी पंधराएक सेकंदांची. अशा ५०० फेऱ्या. आवाजाचं म्हणशील तर विसर्जनाच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर छातीत जे होतं ते, पण तीन तास सलग. आणि ज्या आवाजाला मी गावाकडं शिव्या घालायचो, तो इथं तिकीट काढून ऐकायला गेलो हेही लिहून ठेव.

खरी गोडी मात्र आवाजात नव्हती. तिथं भाड्यानं स्कॅनर मिळतो. कानाला लावायचा, आणि ड्रायव्हर आणि त्याचा क्रू चीफ, म्हणजे त्याच्या टीमचा म्होरक्या, काय बोलतात ते थेट ऐकायचं. तासभर दोनच शब्द: टाइट आणि लूज. टाइट म्हणजे गाडीचं नाक वळायला मागत नाही, लूज म्हणजे शेपूट सुटून बाहेर निघतं. मग गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या थांब्यावर येते, एक जण मागच्या काचेतल्या भोकातून लांब पाना घालतो आणि स्प्रिंगवरचा दाब एखादा आटा कमी-जास्त करतो. तेवढ्यात बाकीचे चार टायर बदलून मोकळे. सगळा खेळ दहाएक सेकंदांचा. बाहेर पडून दोन फेऱ्या झाल्या की ड्रायव्हर म्हणतो, "जास्त झालं, अर्धा मागं घ्या." दिग्या, मला एकदम तुझे वडील आठवले. उद्यमनगरातल्या त्या जुन्या लेथवर हात ठेवून, डोळे मिटून, बेअरिंग गेलंय की नाही सांगायचे. दीड टनाची गाडी, आत पन्नास अंशांच्या पुढं तापमान, इंधनाचा काटाच नाही, आणि हा माणूस बसल्या जागी गाडीचं दुखणं अर्ध्या आट्याच्या हिशोबात सांगतो!

आणि ते डावीकडं वळणं. चहाचा कागदी कप आडवा करून जमिनीवर गडगडत सोड. सरळ जातो का? स्वतःच गोल वळतो. उजवीकडचे टायर घेराला किंचित मोठे ठेवले की गाडीही तशीच वळायला बघते. म्हणजे सरळ रस्त्यावर ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास तिला ओढून सरळ ठेवायचं, आणि वळणावर ती स्वतःच निघाली की आवरायचं. त्यात सगळे ट्रॅक सारखे नाहीत. डार्लिंग्टनचा तर एका टोकाला अरुंद, अंड्यासारखा, कारण १९५०च्या आधी तो बांधायला काढला तेव्हा जमिनीच्या मालकानं सांगितलं, माझ्या मासळीच्या तळ्याला हात लावायचा नाही. आपल्याकडच्या रिंगरोडांची वळणं अशीच पडलेली असतात.

अडाण्यांचा खेळ म्हणालास तर त्याची जन्मकथा ऐक. इथल्या डोंगरांत हातभट्टीची दारू गाळायची आणि रात्री गाडीत भरून, पोलिसांना चुकवत शहरात पोचवायची, हा जुना धंदा. गाडी बाहेरून साधी, आतून तयार केलेली. दिवसा हीच पोरं शेतात रेस लावायची. बिल फ्रान्स नावाच्या माणसानं १९४८ मध्ये त्याला नियम लावून संस्था काढली, तीच नॅसकार. १९ जून १९४९ ला आमच्या शार्लटमध्येच मातीच्या ट्रॅकवर तिच्या सगळ्यांत वरच्या मालिकेची, म्हणजे आजच्या कप सिरीजची, पहिली शर्यत झाली. अट अशी की गाडी शोरूममधून निघाली तशीच हवी. पहिला आला ग्लेन डनावे. तपासणीत निघालं की गाडी दारूच्या धंद्यातली, जड माल भरला तरी बसू नये म्हणून मागच्या स्प्रिंगा कडक केलेल्या. बाद! बक्षीस दुसऱ्या नंबरच्या जिम रोपरला. पहिल्याच शर्यतीत पहिला नंबर बाद होणारा खेळ दुसरा असेल तर कळव.

शार्लटपासून दीडेक तासावर विल्क्स काउंटी आहे. ज्युनिअर जॉन्सन तिथला. १९५६ मध्ये बापाच्या भट्टीवर पकडला गेला, जेलमध्ये गेला, बाहेर आला, १९६० ची डेटोना ५००, म्हणजे इथली सगळ्यांत मानाची शर्यत, जिंकला, एकूण ५० शर्यती मारल्या, आणि १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगननं त्याला माफी दिली. तिथला नॉर्थ विल्क्सबरोचा ट्रॅक १९९६ ला बंद पडला होता. झाडं उगवली होती बसायच्या पायऱ्यांत. २०२३ मध्ये कप सिरीजच्या गाड्या तिथं परत आल्या तेव्हा मी गेलो होतो. एका बाजूला चढ, दुसऱ्या बाजूला उतार. शेजारी बसलेली आजी म्हणाली, लग्नाआधी इथंच भेटलो होतो आम्ही. नवरा पलीकडं बसून शेंगा खात होता, त्यानं काही दुजोरा दिला नाही.

मला नेणारा सहकारी कॅनापोलिसचा. हे गाव म्हणजे इथली इचलकरंजी: टॉवेल-चादरींच्या गिरण्या, अख्खं गाव त्यावर. २००३ मध्ये गिरणी कायमची बंद झाली. त्याच्या दोन वर्षं आधी, १८ फेब्रुवारी २००१ ला, गावचा डेल अर्नहार्ट डेटोनाच्या शेवटच्या फेरीत भिंतीवर आदळून गेला. सात वेळचा चॅम्पियन, गिरणीवाल्यांच्या गल्लीत वाढलेला. हा सहकारी सांगतो, आधी माणूस गेला, मग भोंगा गेला. त्याच्या ट्रकवर अर्नहार्टच्या ३ नंबरचं स्टिकर अजून आहे. आपल्याकडं फुटबॉलला पाटाकडील आणि खंडोबावाले जसे पेठ सांगतात, तशी इथली माणसं गाडीचा नंबर सांगतात. अर्नहार्टनंतर मान धरून ठेवणारा पट्टा सक्तीचा झाला, भिंतींना धक्का खाणारं आवरण आलं, आणि त्याच्यानंतर कप सिरीजच्या शर्यतीत एकही ड्रायव्हर दगावला नाही. उशिरा सुचलं, पण पक्कं केलं, हे मान्य करायला पाहिजे.

आता खरं दुखणं. वर्षाला ३६ शर्यती. पूर्वी सगळ्यांचे गुण मिळवायचे, ज्याचे जास्त तो चॅम्पियन. २००३ मध्ये मॅट केन्सेथ वर्षात एकच शर्यत जिंकून चॅम्पियन झाला, कारण तो नेमानं वरच्या नंबरांत येत राहिला. साहेबांना ते रटाळ वाटलं. टीव्हीला शेवटी धमाका पाहिजे! म्हणून २००४ पासून खेळ सुरू: शेवटच्या दहा शर्यतींना गुण पुन्हा मांडायचे. २०१४ पासून तर कहर. सोळा जण निवडायचे, दर तीन शर्यतींना चार गळायचे, आणि शेवटच्या एका शर्यतीत उरलेल्या चौघांत जो पुढं तो चॅम्पियन. २०१७ पासून प्रत्येक शर्यतीचेही तुकडे पाडले. गाड्या मस्त पळत असतात आणि ठरलेल्या फेरीला पिवळा झेंडा, सगळे पुन्हा एका रांगेत. ज्यानं दहा सेकंदांची आघाडी घेतली त्याची मेहनत पाण्यात.

गेल्या २ नोव्हेंबरला फिनिक्सला काय झालं ते सांगतो. डेनी हॅमलिन, पंचेचाळिशीला आलेला, ६० शर्यती जिंकलेला, चॅम्पियन मात्र कधीच नाही. गेल्या वर्षी सहा जिंकला, सगळ्यांत जास्त. त्या दिवशी ३१९ पैकी २०८ फेऱ्या तो पुढं. ठरलेल्यातल्या तीन फेऱ्या राहिलेल्या. मी बायकोला हाक मारली, ये, बघ, आज होतोय. आणि विल्यम बायरनचा टायर गेला, गाडी भिंतीवर, पिवळा झेंडा. सगळे पिटमध्ये. हॅमलिनच्या क्रूनं चार टायर घातले, काइल लार्सनच्या क्रूनं दोनच. दोन टायरवाला आधी बाहेर पडला. जादा फेऱ्यांत हॅमलिन सहावा, लार्सन तिसरा. लार्सन चॅम्पियन. त्या शर्यतीत तो एक फेरीसुद्धा पुढं नव्हता, आणि मे महिन्यानंतर एकही शर्यत जिंकला नव्हता. लार्सन थोर ड्रायव्हर आहे, त्याला दोष नाही. त्याच्या आधल्या वर्षी जोई लोगानो गळाला होता. शर्यतीनंतर अ‍ॅलेक्स बोमनची गाडी वजनात कमी भरली, बोमन बाद, लोगानो आत, आणि शेवटी तोच चॅम्पियन.

तू म्हणशील, आपल्या बैलगाडीच्या मैदानातही गट, सेमी आणि फायनल असते, आणि फायनल मारतो तोच एक नंबर. बरोबर. पण तो एका दिवसाचा एका मैदानाचा निकाल. संध्याकाळी ढाल घेऊन बैलं घरी. त्या एका फायनलवरून कुणी वर्षाची सगळी मैदानं खोटी ठरवत नाही. इथं फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत राबलेल्या माणसाचं वर्ष एका टायरवर गेलं.

आता माझाच मुद्दा मी पाडतो. ३० ऑक्टोबर २०२२, मार्टिन्सव्हिल. कलिंगडं पिकवणाऱ्या घरातला रॉस चॅस्टेन. फायनलला जायला दोन जागा कमी, आणि फेरी शेवटची. पठ्ठ्यानं गिअर वर टाकला, अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला आणि गाडी सरळ बाहेरच्या भिंतीला लावून दिली. भिंत घासत, स्टिअरिंग जवळजवळ सोडून, पाच गाड्या मागं टाकल्या. लहानपणी व्हिडिओ गेममध्ये केलेली युक्ती, असं म्हणाला नंतर. पुढच्या वर्षापासून त्यावर बंदी. असली फेरी ह्या घाणेरड्या पद्धतीशिवाय झालीच नसती, आणि मी सोफ्यावर उभा राहून ओरडत होतो. खालच्या मजल्यावरून तक्रार आली.

गेल्याच आठवड्यात जाहीर झालं: गळती बंद. सोळा जण, शेवटच्या दहा शर्यती, दहांचेही गुण धरायचे. म्हणजे वीस वर्षं फिरून जुन्या जागेच्या जवळपास आलो. आम्ही भाकरी मागत होतो, चतकोर मिळाली. मला ३६ च्या ३६ पाहिजे होत्या. तरी फिनिक्ससारखा एका पिवळ्या झेंड्यानं होणारा घात आता सहज व्हायचा नाही.

कोर्टाचंही ऐकलं असशील. मायकल जॉर्डन, हो, बास्केटबॉलवालाच, हॅमलिनबरोबर इथं टीमचा मालक आहे. त्यांनी आणि आणखी एका टीमनं नॅसकारवर मक्तेदारीचा खटला टाकला. डिसेंबरात इथल्याच फेडरल कोर्टात उभा राहिला आणि निकालाआधी तडजोड झाली. टीमना शर्यतीतली जागा आता कायमची. मला लागलं ते वेगळंच. नॅसकारच्या वरच्या साहेबानं एका जुन्या टीममालकाला मेसेजमध्ये मूर्ख गावंढळ म्हटल्याचं त्यात बाहेर आलं. ज्या गावंढळांच्या तिकिटावर दुकान उभं राहिलं, त्यांच्याबद्दल हे मत! साहेबानं ह्याच महिन्यात राजीनामा दिला.

नव्या गाडीवर आणखी चार पानं लिहिली असती, पण पोराला पोहायला सोडायचंय. एवढंच सांगतो: २०२२ पासून चाकाला पाचाऐवजी मधोमध एकच मोठा नट आला. पूर्वी पिटमध्ये टायर बदलताना नटांचा पाऊस पडायचा. माझ्या सहकाऱ्याकडं त्या काळातले जुने नट डबाभर आहेत. त्यातला एक, पिवळ्या रंगाचा, ह्या पत्रासोबत पाठवतोय. तुझ्या लेथवर आटे मोजून कळव. मी इंचाला अठरा म्हणतोय, तो म्हणतोय वीस, आणि वीस डॉलरची पैज लागली आहे. १५ फेब्रुवारीच्या डेटोनाआधी कळव म्हणजे झालं. तुमच्याकडं तेव्हा मध्यरात्र उलटलेली असेल, पण तू तरी कुठं लवकर झोपतोस.

काकांना नमस्कार, वहिनींना सांग खर्डा पोचला, संपलाही.

तुझाच,
सुध्या