लाल पेनवाल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही अशी तुमची अट, म्हणून नुसतं 'काका'. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

माझा पहिला माहिती अधिकार अर्ज आठवतो? 2005 चा कायदा मी परीक्षेपुरता वाचलेला. दोन पानं भरून संताप होता: 'पाइपलाइनचे पैसे कुणी खाल्ले? काम असं निकृष्ट का?' तुम्ही चष्मा वर सारून वाचलंत आणि लाल पेनने एकूण एक 'का' खोडलात. म्हणालात, "भांडू नकोस, कागद माग. 'का'चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. कागद असेल तर द्यावाच लागतो." मग लिहिलं: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि देयकांच्या प्रती. विषय एकच, शब्द 150 च्या आत. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवताना माझा हात थरथरत होता, खोटं कशाला बोलू?

30 दिवस उलटले, उत्तर नाही. मी सोडून देणार होते. पहिलं अपील तुम्ही करायला लावलंत. प्रकरण माहिती आयोगापर्यंत गेलं तर दिवसाला 250 रुपये दंड अधिकाऱ्याच्याच खिशातून जाऊ शकतो, हेही तुमच्याकडूनच कळलं.

शेवटी एका दुपारी मोजमाप पुस्तिका समोर आली. चराची खोली प्रत्येक ओळीत 0.90 मीटर. चढ असो, खडक असो, सेंटिमीटरचा फरक नाही! तुम्ही बोलला काहीच नाहीत, फक्त त्या रकान्यावरून बोट खाली नेत राहिलात. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघीजणी फावडं आणि टेप घेऊन गेलो. वीतभर उकरलं तोच पाइप लागला.

'मिटवून घ्या' सांगायला माणसं घरी आली, ते दिवस वाईट गेले. 2010 मध्ये तळेगावात माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टींचा खून झाला, तेव्हापासून आईला 'माहिती अधिकार' म्हटलं तरी धडकी भरते. तुम्ही दर खेपेला कचेरीत सोबत आलात. अर्जावर सही मात्र माझीच ठेवलीत. तेव्हा राग आला होता. आज त्याचेच आभार सर्वात जास्त.

चर पुन्हा खणून झालाय. वसुलीचं कुणी नावही काढत नाही. त्यासाठी नवा अर्ज लिहिलाय, रविवारी घेऊन येते. त्यात एक 'का' ठेवलाय, मुद्दाम. पेन काढून ठेवा.

तुमची,
अर्जदार