धातूची काच : मित्रास पत्र

पुणे,
२० जून

प्रिय श्रीकांत,
सप्रेम नमस्कार.

"काच म्हणजे काच, ती धातूची कशी?" हा तुझा प्रश्न फोनवर अर्धाच राहिला. विषय माझ्या जिव्हाळ्याचा, म्हणून सविस्तर लिहितो.

वितळलेला धातू निवताना अणू ओळीने बसतात, स्फटिक होतो. पण बसायला वेळच दिला नाही तर? १९६० साली अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेत पोल ड्युवेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनं-सिलिकॉनचा रस सेकंदाला सुमारे १० लाख अंश इतक्या झपाट्याने थंड केला. रस जसा होता तसाच थिजला. हीच धातूची काच.

म्हणून आत नुसता गोंधळ असतो, असं म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. झिर्कोनियम-तांब्याच्या काचेत तांब्याच्या पुष्कळ अणूंभोवती बारा शेजारी असे दाटून बसतात की वीस त्रिकोणी पृष्ठांचा आकार तयार होतो. अशा तेरा अणूंच्या झुबक्याची ऊर्जा स्फटिकातल्या तेवढ्याच झुबक्यापेक्षा ८.४ टक्के कमी भरते, हे चार्ल्स फ्रँक यांनी १९५२ मध्येच गणिताने मांडलं होतं. मात्र या आकारात पंचकोनी सममिती असते, आणि सगळ्या बाजू आणि कोन सारखे असलेल्या नुसत्या पंचकोनी फरशांनी जमीन कधी पूर्ण भरत नाही. स्फटिक व्हायचं तर अणूंना ही सोयीची बैठक आधी मोडावी लागते. खरी अडवणूक तिथे आहे. त्यात लहानमोठे अणू मिसळले की आणखी अडतं. १९९३ मध्ये पेकर आणि जॉन्सन यांनी झिर्कोनियम, टायटॅनियम, तांबं, निकेल आणि बेरिलियम एकत्र केले, तर सेकंदाला साधारण एक अंश वेगसुद्धा पुरला!

तरीही ही काच कायमची नाही. तापवली की अणू हलतात आणि अडलेलं स्फटिकीभवन सुरू होतं. आमच्याकडची लोखंड-बोरॉनची रिबन जेमतेम २५ मायक्रॉन जाडीची. भट्टीत जाण्याआधी ती दुमडून घडी घातली तरी तुटत नाही. भट्टीतून आल्यावर बोटांत धरून वाकवली की कट्कन मोडते.

पण स्फटिकीभवनाला सरसकट बिघाड म्हणणं अन्यायाचं आहे. १९८८ मध्ये हिताचीच्या योशिझावांनी लोखंड-सिलिकॉन-बोरॉनच्या काचेत एक टक्का तांबं आणि तीन टक्के नायोबियम घातलं. साडेपाचशे अंशांच्या आसपास तापवल्यावर आधी तांब्याचे पुंजके होतात, त्यांच्या आधाराने लोखंडाचे असंख्य स्फटिक एकदम जन्मतात, आणि नायोबियम त्यांना वाढू देत नाही. १०-१५ नॅनोमीटरवरच ते थांबतात. इतक्या बारीक कणांमुळे चुंबकत्वाची दिशा फिरवायला ऊर्जा फारच थोडी लागते. मूळ काचेपेक्षा हा माल सरस! कोण कुठे जन्मेल आणि किती वाढेल, दोन्ही आपल्या हातात, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

तुमच्या विभागात अमॉर्फस, म्हणजे धातूच्या काचेच्या, गाभ्याचे ट्रान्सफॉर्मर असतील तर त्यांच्या नो-लोड लॉसचे (भार नसतानाही वाया जाणाऱ्या विजेचे) आकडे पाठव. सिलिकॉन स्टीलच्या गाभ्याशी ताडून बघायचे आहेत. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश